आधी सलाम स्वाराचा

काही महिन्यांपूर्वी मी आठवीतल्या एका विद्यार्थ्याला घेऊन आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला गेले होते. उर्दू माध्यमाच्या शाळेतला मुलगा, पण मराठी असं बोलला की परीक्षकांनी मान डोलावली. भाषण संपवून तो जागेवर येत असताना मागच्या रांगेतून हलक्या आवाजात एक वाक्य आलं. ‘पंक्चरवाल्याचं मराठी बरं आहे की!’ दोन-तीन मुलं हसली. बोलणारी मुलंच होती, तेरा-चौदा वर्षांची. त्यांना हा शब्द कोणी दिला, हे सांगायला नको. २०१९ च्या शेवटी नागरिकत्व कायद्याविरोधात आंदोलनं सुरू झाली, तेव्हा आंदोलकांना हिणवायला ‘पंक्चरवाले’ हा शब्द वापरला गेला. २०२५ मध्ये वक्फचा वाद पेटला तेव्हा तो पुन्हा भाषणांत आणि मोबाइलवर फिरला. आता तो शाळांच्या सभागृहात पोहोचला आहे.

परतताना रिक्षात माझा विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘टीचर, पंक्चर निकालना खराब काम है क्या?’ त्याच्या अब्बांचं दुकान खरोखरच सायकल आणि मोटरसायकल दुरुस्तीचं आहे. मी ‘नाही बेटा’ म्हणाले, पण एवढ्यावर त्याचं समाधान होणार नव्हतं आणि माझंही झालं नाही. त्याला देता येईल असं नीट उत्तर मी शोधत राहिले. त्यासाठी मला सायकलीच्या इतिहासात जावं लागलं आणि रस्त्यावरच्या तमीजच्या इतिहासातही. हा लेख म्हणजे ते उत्तर.

सुरुवात सायकलीच्याही आधीपासून करते. बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही मोठ्या संग्रहांत सलाम कोणी कोणाला आधी करावा, याचा एक नियम आहे. स्वाराने पायी चालणाऱ्याला सलाम करावा, चालणाऱ्याने बसलेल्याला आणि थोड्यांनी जास्त लोकांना, असा त्याचा आशय. लहानपणी मदरशात हा नियम आम्ही पाठ केला, पण त्याचा अर्थ कोणी उलगडून सांगितला नव्हता. जगाची रीत नेमकी उलटी असते. घोड्यावरच्याला पायी चालणारा मुजरा करतो. इथे मात्र ज्याच्याकडे उंची आहे, वेग आहे, त्याच्यावरच पहिल्या सलामची जबाबदारी टाकली आहे. सलाम म्हणजे ‘तू सुरक्षित राहा’ अशी दुआ. स्वाराने ती आधी द्यायची, म्हणजे चालणाऱ्याला सांगायचं की माझ्या वेगापासून तुला भीती नाही.

याच परंपरेत ‘रस्त्याचा हक’ सांगितला आहे. रस्त्याच्या कडेला बसायचंच असेल तर रस्त्याचा हक अदा करा. नजर खाली ठेवा, कोणाला त्रास देऊ नका, सलामला उत्तर द्या, भल्याचा आग्रह धरा आणि वाईटापासून रोखा. आणखी एका हदीसमध्ये रोजच्या सदक्याची, म्हणजे दानाची, यादी येते. त्यात पैसे नाहीतच. एखाद्याला त्याच्या जनावरावर चढायला मदत करणं किंवा त्याचं सामान वर उचलून देणं हा सदका. वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हाही सदका. जनावराच्या जागी सायकल ठेवून पाहा. कॅरिअरवरचं पोतं सरळ करून देणारा, पडलेली चेन बसवून देणारा आणि रस्त्यातला खिळा उचलून टाकणारा, हे सगळे त्या यादीत येतात.

आता सायकलीकडे वळू. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी आजच्या घडणीची सायकल इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास आली. तिचे टायर भरीव रबराचे होते, बसणाऱ्याची हाडं खिळखिळी करणारे. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टमध्ये राहणाऱ्या पशुवैद्याने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाची तीनचाकी सुखाने चालावी म्हणून त्याने हा खटाटोप केला होता. हवा आली आणि तिच्याबरोबर पंक्चरही आलं. पंक्चर काढण्याचा धंदा असा आधुनिक यंत्रयुगाच्या पोटातून जन्मला. तो कोणत्याही जातीचा किंवा धर्माचा पिढीजात धंदा नव्हता.

योगायोग असा की त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगावातल्या सायकल दुकानाची सुरुवात झाल्याचं सांगितलं जातं. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते आणि बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा धंदा पाहत. सायकल विकायची आणि गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवायची, असा तो व्यवसाय होता. पुढे किर्लोस्करवाडीला जो उद्योग उभा राहिला, त्याचं मूळ या सायकलच्या दुकानात आहे. किर्लोस्करांच्या बाबतीत सायकल दुरुस्ती ही उद्योजकतेची पहिली पायरी ठरते आणि आमच्या बाबतीत तीच टिंगलीचा विषय होते, हे मला सहजासहजी गिळता येत नाही.

सुरुवातीला सायकल ही वकील-डॉक्टरांची आणि साहेबांची चैन होती. हर्क्युलस, बीएसए, रॅले या सायकली विलायतेहून येत. कामगाराच्या हातात ती खऱ्या अर्थाने स्वातंत्र्यानंतर आली. मद्रासजवळ टीआय सायकल्स १९४९ मध्ये सुरू झाली, सोनिपतची अ‍ॅटलस १९५१ मध्ये, आसनसोलची सेन-रॅले त्याच्या मागोमाग आणि लुधियानाची हीरो १९५६ मध्ये. किंमत आवाक्यात आली आणि पुण्यासारखं शहर ‘सायकलींचं शहर’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. पेठा, छावणी, कॉलेजं आणि कारखाने यांमधली अंतरं सायकलीला सोयीची होती. खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ पासूनचा. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि मुंबई-पुणे रस्त्यावरची सायकलींची रांग आणखी लांबली.

त्या रांगेत माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, होते. नाना पेठेतून निघायचं, संगम पूल ओलांडायचा, वाकडेवाडीवरून खडकी गाठायची. जायला सात-आठ किलोमीटर, यायला तेवढेच. कारखान्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. दादा सांगत, त्या लोंढ्यात कोणी कोणाला ढकलत नसे, कारण एक पडला तर मागचे दहा पडतील हे सगळ्यांना ठाऊक होतं. वळताना हात दाखवायचा, घंटी एकदाच वाजवायची, म्हाताऱ्या माणसाच्या मागून आलो तर वाजवायचीच नाही, नुसतं तोंडाने ‘बाबा, जरा बाजूनं’ म्हणायचं. हे नियम कुठल्या पुस्तकात नव्हते.

पुस्तकातले नियम वेगळे होते. सायकलीला कर होता आणि तो भरल्याचा धातूचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसेल तर पोलीस दंड करत. डबलसीट बसवलं तरी दंड. त्यामुळे एक गमतीदार भाईचारा तयार झाला होता. समोरून येणारा अनोळखी सायकलवाला हळूच सांगून जाई, ‘पुढं चौकात उभा आहे.’ मागे बसलेला लगेच उडी मारून उतरे, चौक पायी ओलांडे आणि पलीकडे पुन्हा बसे. कायद्याच्या दृष्टीने हे चूकच, पण कारखान्यात वेळेवर पोहोचणं ज्याच्या रोजीचा प्रश्न होता, त्याला पाठीमागे बसवून घेणं लोकांना चूक वाटत नसे.

दादांचा एक किस्सा आमच्या घरी इतक्यांदा सांगितला गेला की तो मला पाहिल्यासारखा आठवतो. पावसाळ्यात रात्रपाळीहून उशिरा सुटून ते निघाले. वाकडेवाडीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. अंधार होता, दिवाही विझलेला, दुकानं बंद. मागून एक सायकलवाला आला, थांबला आणि त्याने विचारलं, ‘काय झालं?’ पंक्चर म्हटल्यावर तो खाली उतरला. त्याच्याकडे सोल्यूशन नव्हतं, पंप नव्हता, फक्त पेटलेला दिवा होता. तो म्हणाला, ‘चला, उजेड आहे तोवर बरोबर जाऊ.’ आणि तो माणूस स्वतःची धडधाकट सायकल हातात धरून दादांबरोबर संगम पुलापर्यंत पायी आला. पुलावर नगरपालिकेचे दिवे लागलेले होते. तिथे ‘येतो’ म्हणून तो निघून गेला.

लहानपणी मी दादांना विचारायची, ‘उनका नाम क्या था?’ दादा म्हणायचे, ‘पूछाच नहीं.’ तेव्हा मला हे अपुरं वाटायचं. गोष्टीतल्या भल्या माणसाला नाव हवं. आता वाटतं, गोष्टीचा गाभाच तो आहे. आपल्याकडे नाव कळलं की धर्म कळतो, आडनाव कळलं की जात कळते. रस्त्यावरची मदत नावाच्या आधी यायची, म्हणून ती खरी होती.

या साऱ्या व्यवस्थेत मोडलेल्या वेळी हक्काने जाता येईल अशी जागा म्हणजे पंक्चरचं दुकान. दुकान कसलं, झाडाखालची पेटी, टांगलेले जुने टायर, हातपंप आणि पाण्याचं घमेलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असंच एक होतं. शाळेतून येताना मी तिथे रेंगाळत असे. चाचा टायर रिमवरून उकलून ट्यूब बाहेर काढत, तिच्यात हवा भरत आणि ती पाण्यात थोडी-थोडी दाबत फिरवत. बुडबुडे आले की तिथे बोट. मग पुसून, कानशीने घासून, सोल्यूशन लावून फुंकर घालत थांबत. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणत, ‘सूखने दो मियाँ, गीले पे नहीं चिपकता.’ रबराचा तुकडा बसवून ठोकला की लोकांना वाटे काम झालं. चाचांचं मात्र खरं काम पुढे असे. टायरच्या आतल्या बाजूने ते बोटं हळूहळू फिरवत नेत. काटा किंवा खिळ्याचं टोक आत अडकलेलं असेल तर नवी ट्यूबही फुटणार. पुष्कळदा काट्याआधी त्यांच्या बोटातून रक्त येई. सापडलेला खिळा ते रस्त्यावर टाकत नसत. त्यासाठी वेगळा डबा ठेवलेला होता.

वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा सदका, ही हदीस मी वाचली असेल अनेकदा. पाहिली मात्र त्या डब्यात.

चाचांचा पंप बाहेरच ठेवलेला असे. स्वतः हवा भरून घेतली तर पैसे नाहीत. महिनाअखेरीला पंक्चरचे पैसे वहीत जात, आणि ती वही पगारानंतरही सगळ्यांची भरून निघत नसे. पत्ता विचारायला लोक तिथे थांबत, निरोप तिथे ठेवत, हरवलेल्या किल्ल्या तिथे जमा होत. कॉलेजची मुलं, भाजीवाले, दूधवाले, शाळामास्तर, कचेरीतले कारकून असे सगळ्या वस्त्यांतले लोक त्या घमेल्याभोवती उभे राहत. शहरात ताण असला की पहिल्यांदा तेच दुकान बंद होई, आणि वातावरण निवळलं की तेच लोक चाचांना विचारत येत, ‘कधी उघडताय?’

या धंद्यात मुस्लिम इतके का, याचं उत्तर इतिहासात आहे, रक्तात नाही. यंत्रमागांनी हातमाग मागे सारले, संस्थानांच्या आणि सरदारांच्या नोकऱ्या गेल्या, शिक्षणात आम्ही मागे पडलो आणि पगारी नोकऱ्यांचे दरवाजे अरुंद राहिले. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने हेच आकड्यांत मांडलं. मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आणि नियमित पगाराच्या नोकरीचं कमी. वाहनदुरुस्तीसारख्या कामांत त्यांचा वाटा मोठा, हेही त्यात आलं. ज्या कामाला भांडवल थोडं आणि हातातलं कसब जास्त लागतं, तिथे भांडवल नसलेला माणूस जाणारच. ही आमच्या मागासपणाची खूण आहे का? आहे. ती पुसायची तर आमच्या मुलामुलींनी शिकलं पाहिजे, हे मी रोज वर्गात सांगते. पण परिस्थितीने दिलेलं काम जो इमानाने करतो, त्याच्या कामाचं नाव शिवी म्हणून वापरणं हा वेगळाच प्रकार आहे. रस्त्यावर खिळे टाकून गिऱ्हाईक मिळवणारे लोकही आहेत, त्यांच्या बातम्या आपण वाचतो. दूधात पाणी घालणारेही आहेत, पण म्हणून ‘दूधवाला’ ही शिवी झालेली नाही.

जुना काळ सोन्याचा होता असं मात्र मी म्हणणार नाही. सायकलीवरून उतरणं हा काही ठिकाणी अदब होता, तर काही ठिकाणी जुलूम. वडीलधारे दिसले की दादा सायकलीवरून उतरून सलाम करत, ते स्वखुशीने. पण त्याच काळात कितीतरी गावांत दलितांना सवर्णांच्या आळीतून जाताना सायकलीवरून उतरावं लागे, आणि न उतरणाऱ्याला मार बसे. दोन्हीकडे माणूस उतरतोच, पण एकात तो मोठा होतो आणि दुसऱ्यात त्याला लहान केलं जातं. हदीसचा नियम इथे पुन्हा आठवतो. अदब वरून खाली वाहिली पाहिजे. खालच्याकडून सक्तीने वसूल केली की ती अदब राहत नाही.

मुलींसाठीही रस्ता सरळ नव्हता. पुण्यात मुली सायकलीवर कॉलेजला जात, पण आमच्या मोहल्ल्यात १९९३ च्या सुमारास मी तासावर भाड्याची सायकल घेऊन शिकू लागले तेव्हा कुजबुज झालीच. एकदा भवानी पेठेत माझी ओढणी चेनमध्ये अडकली आणि मी जागेवर थिजले. हलले तर पडणार, ओढली तर ओढणी फाटणार. रस्त्यावरचे दोन तरुण मदतीला वळले, मग ओळखीचं ना पाळखीचं म्हणून संकोचून थांबले. समोर भाजी घेऊन बसलेली एक मावशी उठली. तिने मागचं चाक उचललं, पॅडल उलटं फिरवलं आणि ओढणी सोडवून माझ्या कमरेला घट्ट बांधली. ‘आता जा, आणि घाबरू नको,’ म्हणाली. ते दोन तरुण तोवर मागून येणाऱ्या टेम्पोला हात दाखवून थांबवत उभे होते. कोणी कोणाचं नाव विचारलं नाही. नजर खाली ठेवणं आणि मदत करणं या दोन्ही गोष्टी एकदम कशा करायच्या, हे त्या दोघांना कोणी शिकवलं होतं कोण जाणे.

या जगाचा शेवट कुठल्या शत्रूने केला नाही. पुण्याच्याच परिसरात आकुर्डीला बजाजच्या स्कूटर बनू लागल्या. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकची लुना आली, बजाजची चेतकही त्याच सुमाराची. ज्या शहराने सायकल कामगाराच्या हाती दिली, त्यानेच तिला निवृत्त केलं. स्कूटर ही गरज होती आणि माझ्याकडेही आहे. पण सायकलवाला आणि पायी चालणारा यांच्यात वेगाचं अंतर थोडं होतं. एकमेकांचा चेहरा दिसायचा, आवाज ऐकू यायचा, पाय टेकवला की थांबता यायचं. वेग वाढला, हेल्मेट आलं, काचा वर गेल्या आणि सलाम पोहोचण्याआधीच माणूस मागे पडू लागला.

मग जे काम रिवाज करत होता ते कायद्याकडे गेलं. अपघातातल्या जखमीला वेळेवर उपचार नाकारले जात होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगावं लागलं की जीव वाचवणं आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. तरीही लोक जखमीजवळ थांबायला घाबरत, कारण साक्षीसाठी हेलपाटे कोण मारणार? २०१६ मध्ये न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या केंद्राच्या सूचनांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर आता दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. हे वाचताना मला संगम पुलावरून निघून गेलेला तो माणूस आठवला. त्याने न विचारता, न सांगता जे केलं, ते करण्याचा हक्क कलम लिहून राखावा लागला. कायदा चांगलाच आहे, मुलांना तो जरूर शिकवावा. पण कायदा एवढंच सांगू शकतो की मदत केलीस तर तुला त्रास होणार नाही. थांबायचं की नाही, हे मात्र माणसालाच ठरवावं लागतं.

हे सगळं मी माझ्या वर्गात सांगितलं. डनलॉपचं, किर्लोस्करांचं, दादांचं, चाचांच्या डब्याचं. त्या मुलाकडे मुद्दाम पाहिलं नाही. तास संपल्यावर तो जवळ आला. मला वाटलं, पंक्चरबद्दलच काही विचारील. त्याने विचारलं, ‘टीचर, म्हणजे गाडीवाल्याने आधी सलाम करायचा? पायी चालणारा लहान असला तरी?’ मी म्हटलं, नियम तोच आहे. स्वाराने आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षातून उतरून मी शाळेच्या फाटकाकडे चालत होते. मागून घंटी वाजली, एकदाच. तो सायकलीवर होता. त्याने मला सलाम केला. मग फाटकाजवळ झाडत असलेल्या मावशींना ‘नमस्कार मावशी’ म्हणाला. मावशी खराटा हातात धरून पाहतच राहिल्या. त्यांच्यापुढे आमच्या शाळेतल्या गाड्या रोज थांबतात. आधी नमस्कार त्यांना फारसं कोणी केलेलं नव्हतं.

त्या गाड्यांमध्ये माझी स्कूटरही होती.